अनसाबाईचा कागद

तुळसगिरी महाराज पाणोरीला येऊन राहिले, त्याला या गोष्टीच्या वेळी नऊ वर्षं झाली होती. नदीकाठी चिंचेखाली एक पडकी धर्मशाळा होती. तिथेच त्यांनी बैठक घातली आणि लोक तिला मठ म्हणू लागले. महाराजांना लिहिता-वाचता येत नव्हतं. संन्यास घेण्याआधी ते कागद्यांच्या वस्तीत चिंध्या कुटायच्या कामाला होते आणि हे ते स्वतःच हसत सांगत. "अक्षर काही डोक्यात शिरलं नाही, पण अक्षर ज्याच्यावर काढतात तो कागद कसा होतो हे मला विचारा," असं म्हणत. थोरांना आपल्या अडाणीपणाची लाज नसते हो! ती लाज तुमच्या-आमच्याकडे.

या मठाचं अंगण अनसाबाई झाडायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी, कौसल्या. पोटाला चिमटा घेऊन तिनं मुलीला चौथीपर्यंत शिकवलं आणि नदीपलीकडे चिंचखेडला दिलं. कौसल्या महिन्याच्या महिन्याला आईला स्वतःच्या हातानं पत्र लिही. आईला मात्र अक्षराची ओळख नाही. मग पत्र घेऊन अनसाबाई धोंडोपंतांच्या ओसरीशी जायची. पंत तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून आलेले, अख्ख्या गावाची पत्रं तेच वाचत. अनसाबाई पायरीखाली उभी राही आणि पंत सुपारी कातरता कातरता भरभर वाचून पत्र तिच्या पदरात टाकत. वाचून दाखवतात हेच उपकार, असं तिला वाटे आणि पंतांनाही तसंच वाटे.

कौसल्या पहिलटकरीण होती. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण श्रावणात नदीला पूर आला आणि नाव बंद झाली. अनसाबाई दोनदा काठापर्यंत गेली, दोनदा परतली. तालुक्याच्या पुलावरून फिरून जाणारी वाट होती, पण ती तीन दिवसांची आणि सगळी चिखलाची. आज जाऊ, उद्या जाऊ करत ती राहिली. मधे पुलाकडून फिरून कौसल्येचं पत्र आलं. पंतांनी वाचलं, "सर्व क्षेम आहे, काळजी नसावी." तिचा जीव भांड्यात पडला. आठ दिवसांनी दुसरं पत्र आलं. त्याच्या माथ्यावर 'श्री' नव्हता, म्हणजे अशुभाचं. पंतांनी ते ओसरीवर येऊच दिलं नाही. अंगणात उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, "कौसल्या गेली. मूलही गेलं. हे फाड आणि टाक, घरात नेऊ नकोस."

अशुभाचं पत्र वाचल्या वाचल्या फाडायचं असतं, हे लहान पोरालाही ठाऊक. अनसाबाईलाही होतंच. पण ज्या कागदावर आपल्या मुलीचं नाव आहे तो फाडायचा कसा? तिनं तो घरी नेला आणि बाकीच्या पत्रांच्या गठ्ठ्यात घातला.

पुढची दोन वर्षं तिनं एकच धोशा लावला होता. "मी गेले न्हाई. कौसा वाट बघत राहिली आणि माझ्यावर रुसून गेली." कुणी समजूत घातली की ती ऐकून घेई आणि पुन्हा तेच म्हणे. चूल धड पेटत नव्हती, डोक्याला तेल नव्हतं. महाराज तिला रोज अंगण झाडताना बघत.

एके दिवशी तिला काय सुचलं कोण जाणे, अख्खा गठ्ठा घेऊन ती पंतांकडे गेली. म्हणाली, "पंत, यातलं माझ्या कौसाचं शेवटचं पत्र कोणतं, तेवढं परत एकदा वाचून दाखवता का?" पंतांनी गठ्ठा घेतला, आणि नेमकं सगळ्यात वर ते बिनश्रीचं पत्र! विंचू चावल्यासारखा त्यांनी हात झटकला. पत्रं अंगणभर झाली.

"दोन वर्षं हे घरात ठेवलंस? आणि त्याच हातानं मठ झाडतेस?"

त्या साली गावातल्या गुरांना लाळ-खुरकत झालेली. दहा-बारा बैल बसलेले. पंतांना कारण हातात मिळालं. गावभर झालं की अनसाबाईनं अशुभ घरात पोसलं, म्हणून गुरं मरतात. मठाचा उत्सव महिन्यावर आला होता. पंतांनी चावडीत सांगून टाकलं, "त्या पत्रांची विल्हेवाट लावल्याशिवाय बाईनं मठाची पायरी चढायची नाही." आणि हसत हसत वर म्हणाले, "महाराजांना काय, काळं पांढरं सारखंच. वाचता येत असतं तर त्यांनीच तिला हाकलली असती."

अनसाबाई गठ्ठा पोटाशी धरून मठाच्या पायरीखाली येऊन बसली. वर चढली नाही. महाराजच उठून खाली आले आणि तिच्याशेजारी धुळीत बसले.

"महाराज, फाड म्हणत्यात."

"मग फाड की."

तिनं मान वर केली. महाराजांकडून तिला हे अपेक्षित नव्हतं.

"एकच नको, सगळीच फाड," महाराज म्हणाले. "सुखाची कुठली, दुःखाची कुठली, निवडत बसू नकोस. मुलगी एकच होती ना? बारीक फाड आणि भिजत घाल. टाकायचं मात्र काही नाही."

"अक्षरं जातील तिची."

"अनसा, ती अक्षरं तुला वाचता येतात का?"

"न्हाई."

"मलाही नाही. पण पाण्यात घातलेलं कुठं जात नाही, पाण्यातच राहतं, एवढं मला माहीत आहे."

तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती फाडायला बसली. रडत रडत नखाएवढे तुकडे केले. घंगाळात पाणी भरलं, तुकडे घातले आणि मूठभर मेथ्याही टाकल्या. आता मेथ्या का, ते आयाबायांना सांगायला नको. कागदाच्या लगद्याची टोपली करायची तर मेथ्या घालतातच, कीड लागत नाही. पाच दिवसांनी तिनं लगदा उखळात कुटला आणि साच्यासाठी एक मडकंही पालथं घालून ठेवलं.

महाराजांनी ते मडकं बघितलं आणि खो खो हसले. "अगं, टोपली कशाला? टोपली केलीस की तिच्यात परत काहीतरी कोंबून ठेवशील. कागद कर."

"कागद? मला कुठं येतो?"

"मला येतो. ऊठ."

महाराजांनी बांबूच्या कामट्यांची चौकट केली, तिच्यावर गवताच्या काड्यांची जाळी विणली. लगदा पुष्कळ पाण्यात कालवायचा, चौकट आडवी बुडवायची आणि सरळ वर घ्यायची. पाणी निथळतं, जाळीवर पातळ साय राहते. तोच कागद. ऐकायला सोपं आहे. अनसाबाईचा पहिला कागद भाकरीएवढा जाड झाला, दुसऱ्याला भोक पडलं, तिसरा अर्ध्यातच वाहून गेला. चौकट वर घेताना हात जरा हलला की साय फाटे, आणि तिचा हात हुंदक्यासरशी हले.

महाराज म्हणाले, "रडायचं असेल तर आधी रडून घे. मग चौकट धर. दोन्ही एका वेळी व्हायचं नाही."

तिनं तसंच केलं. सकाळी येई, पायरीखाली बसून पोटभर रडे, डोळे पुसे, पदर खोचे आणि चौकट धरे. आठ दिवसांनी रडं आटोपायला कमी वेळ लागू लागला, कारण हातातलं काम तिला बोलवत होतं. पंधराव्या दिवशी तिनं एक चांगला कागद उचलला. थोडा निळसर, मेथ्यांच्या वासाचा, पण सलग. महाराजांनी तो मठाच्या बाहेरच्या भिंतीला वाळायला चिकटवला. त्या दिवशी घरी जाऊन तिनं पिठलं केलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. ही गोष्ट लहान वाटेल, पण दोन वर्षांत तसं घडलं नव्हतं.

उत्सवाच्या आदल्या दिवसापर्यंत भिंतीवर बावीस कागद झाले. त्यांत एक थोडा डागाळलेला निघाला. त्याच्या कडेला शाईची निळी रेघ उमटली होती. अनसाबाईला वाटलं, नीट कुटलं गेलं नाही. ती तो परत भिजवायला निघाली तर महाराज म्हणाले, "राहू दे भिंतीवर."

उत्सवाच्या सकाळी धोंडोपंत सोवळ्यानं आले, मागे चावडीतली मंडळी. भिंत बघताच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे त्याच पत्रांचे ना? अशुभ फाडायला सांगितलं, तर बाईनं ते देवाच्या भिंतीला लावलं!" आणि महाराजांकडे वळून म्हणाले, "महाराज, आज एक ठरवा. या भिंतीवर कागद राहतील, नाहीतर आम्ही राहू."

मंडळींनी माना डोलावल्या. अनसाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. मुलगी गेली, तिची पत्रं गेली, आता हे हातचं कामही जाणार आणि महाराजांचे पायही सुटणार. तिनं महाराजांकडे बघितलं. मनातच ती म्हणाली, देवा, मला दुसरं काही नको, माझी पोर माझ्यावर रुसून गेली का, तेवढं कळू दे, मग मी आपली जाते.

पंतांनी हात घालून एक कागद भिंतीवरून सोलून काढला. तो नेमका डागाळलेला. फाडायला दोन्ही हातांत धरला, तेवढ्यात महाराज म्हणाले, "पंत, फाडा खुशाल. पण आधी वाचून दाखवा. गावाचे वाचणारे तुम्ही."

"वाचायचं काय यात? लगदा आहे."

"आडवा धरा की."

पंतांनी चेष्टेनंच कागद उन्हात आडवा धरला. आणि त्यांचा चेहरा उतरला.

कडेची ती रेघ म्हणजे अक्षरं होती. एक ओळ, कौसल्येच्या वळणाची, सलग. आता बघा, जी पत्रं नखाएवढी फाडली, पाच दिवस कुजवली, उखळात कुटली, त्यांतली एक ओळ अख्खी कशी राहावी? पण ती राहिली होती.

पंत हळू आवाजात वाचू लागले.

"आई, तू पुलावरून चालत येशील म्हणून लिहिते. तुझ्या गुडघ्यांना ती वाट झेपणार नाही. येऊ नकोस. आलीस तर मात्र मी रुसेन."

अनसाबाई मटकन खाली बसली. मोठ्यानं रडली नाही. "आलीस तर," एवढंच दोनदा पुटपुटली. दोन वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला आणि तिला एकदम श्वास घेता आला.

ती ओळ पंतांनी ओळखली; तेव्हा नुसती दिसली होती, वाचली नव्हती. कौसल्येच्या शेवटच्या पत्रात जागा संपल्यावर तिनं ती समासात उभी लिहिली होती. ती वाचायला पत्र फिरवायला लागलं असतं. त्या दिवशी पान वाढलेलं होतं, आतून हाक आली होती आणि पंतांनी पत्र फिरवायचा कंटाळा केला होता. "सर्व क्षेम" म्हणून घडी घातली आणि पदरात टाकलं. एवढ्या कंटाळ्यापायी एक आई दोन वर्षं जळत राहिली.

हे त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर सांगितलं. ती हिंमत त्यांना कुठून आली, ते महाराजच जाणोत. मग ते महाराजांच्या पायांशी वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "पंत, इकडे नाही. तिकडे."

सोवळ्यातले धोंडोपंत वळले आणि पायरीखाली बसलेल्या अनसाबाईसमोर धुळीत डोकं टेकलं. चावडीतल्या मंडळींनी आपापली पागोटी उतरवली.

"बाई," पंत मान खाली घालूनच म्हणाले, "मी तुझ्या आणखी किती ओळी गाळल्या असतील, मला आठवतही नाही."

"आठवू नका, पंत," अनसाबाई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली. "इथं बसा. ही परत वाचा. सावकाश वाचा."

पंत तिच्या शेजारी पायरीखाली बसले आणि त्यांनी ती ओळ पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचली.

ज्यांचं काही ऐकायचं राहून गेलं आहे, त्यांच्यावर महाराजांची अशीच कृपा होवो.