खुर्चीमागचा पिंपळ

विद्यापीठाचे कुलगुरू गुर्जरपाध्ये मूळचे इंजिनिअर. बैठकीचं सभागृह आपणच बांधलं, हे ते प्रत्येक बैठकीत सांगत. त्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं, "इंजिनिअरिंगच्या पोरांना वनस्पतिशास्त्राची सक्ती बंद! झाडपाल्याशी त्यांना काय करायचंय?"

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या केळसकरबाईंची नोकरी त्या सक्तीवरच चालत होती. बैठकीत कुलगुरू बोलायला लागले, की बाई त्यांच्यामागची भिंत बघत बसत. त्या उठल्या.

"सर, तुमच्या खुर्चीमागच्या भेगेत पिंपळ उगवलाय. तुम्ही तीनदा सिमेंट भरलंत, तीनदा तो वर आला."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"मग करायचं काय?" कुलगुरूंच्या तोंडून निघून गेलं.

"ते सोमवारच्या तासाला शिकवणार आहे," बाई म्हणाल्या. "या तुम्ही. तुम्हाला सक्ती नाही."