घाटजाईची शाल

"मग नवस फिटला की नाही, आक्का?"

निरंजन देवळाच्या पायरीवर बसून धापा टाकत होता. सायकल शेजारी आडवी पडलेली. बोटं गारठून इतकी ताठ, की मूठ वळेना.

घाटमाथ्यावर घाटजाईची पूजा करणाऱ्या भागीरथीआक्का समोर उभ्या होत्या. लोक लांबून त्यांचा शब्द घ्यायला येत.

निरंजनची लेक दवाखान्यात होती. ताप डोक्यात गेलेला, घरची माणसंही ओळखेना झालेली. तेव्हा तो देवीला बोलला होता, की पायथ्यापासून तुझ्या दारापर्यंत सायकलवर येईन, वाटेत पाय जमिनीला लावणार नाही.

वारा तोंडावर होता, चढ तर जीव काढणारा. उलटी झाली, तीही चालत्या सायकलवरूनच. पण पाय टेकला नाही. हे त्यानं आक्कांना जरा ताठ मानेनंच सांगितलं.

"एकटाच आलास?"

मेहुणा होता सोबतीला, तो म्हणाला. श्रीपाद. खिंडीखालच्या वळणावर घसरून कठड्यावर आपटला. मांडीचं हाड गेलं असावं, कळवळत होता. मोबाईलला रेंज नाही. निरंजननं सायकलवरूनच त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, नारळ वाढवतो नि माणसं घेऊन येतो म्हणाला...

"उतरला नाहीस."

"उतरलो असतो तर पोरीचं काय, आक्का?"



...

दिवस कलला होता. दरीतून धुकं वर चढत होतं.

निरंजननं पिशवीतून नारळ काढून पुढे धरला. आक्कांनी तो घेतला नाही. त्यांनी देवळाची घंटा धरली आणि एकसारखी वाजवत राहिल्या. पलीकडच्या वस्तीवरून कुणीतरी ओ दिली, तशी खिंडीखाली माणूस पडलाय म्हणून त्यांनी ओरडून सांगितलं. येतो म्हणाले, झोळी घेऊन येतो.

मग आक्का गाभाऱ्यात गेल्या. पौष लागला की घाटजाईला लोकरीची शाल पांघरायची, ती शिमग्यापर्यंत उतरवायची नाही, अशी तिथली रीत.

आक्कांनी हात जोडले. शाल उतरवली. बाहेर येऊन निरंजनच्या हातात दिली.

त्याचा चेहरा पांढरा पडला. आज, अशा दिवशी, आईला उघडं ठेवायचं... तिचा कोप झाला तर? लेकीचा डोळा तरी उघडेल का?

"आक्का," तो कसंबसं म्हणाला, "देवीला थंडी वाजेल."

आक्का काठी टेकत खिंडीकडच्या पायऱ्या उतरू लागल्या होत्या.

"वाजतेय रे बाबा... म्हणूनच तर काढली."