साळुंकीची दवंडी

फार फार मागे, एका वाघाच्या राज्यात दवंडी द्यायचं काम साळुंकीकडे होतं. पाणवठ्यावर शिकार करणार नाही, असं वचन देऊनही वाघाने तिथेच एक भेकर मारलं. टिटवीने ते पाहिलं आणि रानभर सांगितलं. साळुंकीनेही पाहिलं होतं, पण वाघाच्या हुकमावरून तिने दवंडी दिली, "टिटवी खोटारडी आहे! पाण्यावर खुशाल जा!" प्राण्यांनी टिटवीला हुसकून लावलं.

दुसऱ्या दिवशी एक हरिणी पाडसाला घेऊन पाण्यावर गेली आणि एकटीच परतली. साळुंकी चाचरत म्हणाली, "ताई, माझ्या शब्दावर गेलीस ना?"

"तुझा काय दोष गं?" हरिणी रडत म्हणाली. "तुलाही वाघाने फसवलंच असेल."

मला सगळं ठाऊक होतं, हे सांगायला साळुंकीने चोच उघडली. पण तिच्याच्याने बोलवेना.