दोर धरणारा मेव्हणा

फार फार पूर्वी, एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांची वाडी होती. मोहोळं लागायची ती थेट कड्याच्या पोटात. कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, धूर करायचा, मोहोळ कापायचं, असं ते काम. आणि वाडीचा एक रिवाज होता. वर दोर धरायचा तो उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानं, दुसऱ्या कुणी नाही. बहिणीचा नवरा खाली लटकत असताना कुठला भाऊ हयगय करील? म्हणून लग्न न झालेल्या पोरांना कडा उतरायची बंदीच होती.

या वाडीत येसू नावाचा एक तरणाबांड गडी होता. साळूशी त्याचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. महिनाभराचा तर प्रश्न, पण येसूला एकेक दिवस सरता सरेना. प्रेमात पार बुडाला होता बिचारा!

एकदा पाणवठ्यावर साळू सहज म्हणाली, "त्या कपारीतलं मोहोळ केवढं मोठं आहे, नाही? त्याचा मध खावासा वाटतो बाई."

झालं! येसूच्या डोक्यात तेच बसलं. "आजच आणतो," तो म्हणाला.

"अरे, आज कसला? लग्न होऊ दे, दादा दोर धरील, मग आण."

पण ऐकेल तर तो येसू कसला! तो तडक साळूच्या भावाकडे, कोंडूकडे गेला. "कोंडूदादा, चल, दोर धर."

कोंडूनं आभाळाकडे पाहिलं. "वारा फिरतोय. मोहोळही कच्चं आहे. आणि तू अजून माझा मेव्हणा झालेला नाहीस. महिनाभर दम धर."

"मनगटात जोर नाही असं सांग की सरळ!" येसू फणकारला आणि दोर उचलून निघाला.

कड्याच्या टोकाशी एक जुनं झाड होतं. येसूनं त्याला दोर बांधला आणि गवताची चूड पेटवून एकटाच खाली उतरला. डोळ्यांसमोर साळूचा हसरा चेहरा, दुसरं काही दिसतच नव्हतं. मोहोळाला सुरी लावली, तर आत मधाचा थेंब नाही, नुसत्या पांढऱ्या अळ्या! तेवढ्यात वारा फिरला, धूर उलटला आणि माश्या त्याच्या तोंडावर तुटून पडल्या.

कसाबसा वर चढताना त्यानं मान उचलून पाहिलं. दगडाच्या धारेवर घासून दोराचा एकेक पेड तुटत होता. झाड दोर घट्ट धरतं, कबूल. पण दोराखाली गोणपाट सारायला झाडाला हात कुठले? रिवाज कशासाठी होता, ते येसूला आत्ता कळलं.

"दादा! कोंडूदादा!" तो जीव खाऊन ओरडला.

आणि वरून आवाज आला, "हलू नकोस! आलोय मी!"

येसूला दोर घेऊन एकटाच कड्याकडे जाताना साळूनं पाहिलं होतं आणि धावत जाऊन भावाला बोलावून आणलं होतं. कोंडू धारेवर पालथा पडला आणि झिजल्या जागेच्या खाली त्यानं दोर दोन्ही हातांनी पकडला. साळूनं त्याची कंबर धरून मागे ओढलं. कोंडूच्या तळहातांची सालटी निघाली, पण त्यानं दोर सोडला नाही.

येसू वर आला तेव्हा तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. "मध मागितला होता मेल्या, तुझा जीव नाही!" साळू रडत ओरडली.

येसूनं कोंडूचे रक्ताळलेले हात पाहिले आणि त्याचे पायच धरले. "दादा, मी तुला नाही नाही ते बोललो. अजून तुझा मेव्हणाही नव्हतो रे मी."

"साळूनं तुला आपलं म्हटलंय ना? मग झालं," कोंडू म्हणाला.

कोंडूचे हात बरे व्हायला तीन महिने लागले, तोवर लग्नही पुढे गेलं. ज्याला एक महिना दम निघत नव्हता, तो येसू तीन महिने थांबला. रोज जाऊन कोंडूला आपल्या हातानं घास भरवायचा आणि उरलेल्या वेळात अंबाडीचा नवा दोर वळत बसायचा.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा आणि नवऱ्यानं त्याला भेट द्यायची. येसूनं स्वतःच कान पुढे केला. "पीळ दादा, चांगला जोरात पीळ. हा कान तुझ्यामुळेच जागेवर आहे!"

मंडळी खो खो हसली. येसूनं मात्र भरल्या डोळ्यांनी नवा दोर कोंडूच्या हातांवर ठेवला. त्या तळहातांवर अजून वण होते.

"हीच माझी भेट," तो म्हणाला. "याचं टोक तुझ्या हातात असेल आणि तू उतर म्हणशील, तेव्हाच मी उतरेन."

तात्पर्य: प्रेमाच्या भरात विचार सुटला, तर ज्या माणसासाठी धडपडायचं त्यालाच मुकायची वेळ येते, म्हणून वेळीच 'थांब' म्हणणारं कुणी असेल, तर त्याच्यावर रागावू नये, त्याचे उपकार मानावेत.