न मोडणाऱ्या काठ्यांची गोजरा

फार वर्षांपूर्वी, सह्याद्रीच्या पायथ्याला नदी वळते आणि पाणी खोल होतं तिथं, खैरडोह नावाचं भोयांचं गाव होतं. आजही आहे. जाळी दोन-चार घरांत. बाकीच्यांचा संसार गळाच्या काठीवर. काठीला अंबाडीचा दोरा, दोऱ्याला मोरपिसाचा देठ, खाली गळ. पाण्यावर उभा राहिलेला देठ डुबला की मासा लागला म्हणायचं. पण दिवसभर जड काठी धरून खांदा उतरायचा, आणि बारीक मासा कधी आमिष खाऊन गेला ते हाताला कळायचंही नाही.

त्या गावात गोजरा नावाची बुरुडीण आली. नवरा देवीच्या साथीत गेलेला, मूलबाळ नाही, कमरेला तेवढा एक कोयता. गावानं तिला डोहाच्या काठी, बांबूच्या बेटाशेजारी झोपडीपुरती जागा दिली. बोली अशी झाली की गावाला काठ्या लागतील तोवर तिनं तिथं राहावं आणि माशांतला वाटा खावा. गोजराला वाटलं, भोई काय मासे धरायचं सोडणार आहेत थोडेच. आता मरेपर्यंत इथून उठायला नको. त्या आनंदात ती कामाला लागली.

असं म्हणतात की ती बांबूशी बोलायची. बोलत-बिलत नसणार, टिचकी मारून कान लावत असेल. चांदण्या पंधरवड्यात तिनं कधी बांबूला हात लावला नाही, कारण त्याला आतून कीड लागते. अंधाऱ्या पंधरवड्यात चिवारी जातीचा बारीक, टणक बांबू तोडायची, वर्षभर चुलीच्या धुरात टांगायची, निखाऱ्यावर शेकून सरळ करायची आणि मग करंजेल पाजायची. काठी न्यायला माणूस आला की त्याला डोळे मिटून उभं करायची आणि एकेक काठी हातात द्यायची.

"हातात काय हाय का न्हाई, आसं वाटलं की सांग," म्हणायची. "ती तुजी."

थरथरत्या हाताच्या म्हाताऱ्याला वेगळी, नव्या नवरीला वेगळी. त्या काठ्या इतक्या हलक्या होत्या की शेंड्यावर चतुर बसला तरी मनगटाला कळायचं, असं म्हणतात. आणि टिकाऊपणाचं तर विचारूच नका. एका पुरात गावचा म्होरक्या हैबती वाहून चालला होता. काठावरून कुणीतरी काठी पुढं केली, त्यानं शेंडा धरला. करंगळीएवढा तो शेंडा वाकला, पार धनुष्यासारखा वाकला, पण मोडला नाही. हैबती जिता बाहेर आला.

इथंच गोजराचं नशीब फिरलं. घरोघरी काठी झाली आणि एकही मोडेना. बापाची काठी लेकाकडे गेली, सासूची सुनेकडे. डोहावर कुणी आलं की गोजरा हातातलं टाकून बाहेर यायची.

"बरी हाय न्हवं काठी?"

"ब्येस हाय की. हिला काय धाड भरलीया."

गोजरा हसायची आणि आत जायची. चुलीवर नव्या काठ्या टांगलेल्याच राहायच्या, आणि काठी जाईना तसा माशांतला वाटाही येईनासा झाला.

शेजारची म्हातारी कोंडाई तिला म्हणाली, "बाये, यवडं पक्कं करू नगंस. येखादी चांदन्यात तोड. लागंना का कीड, मोडंना का. तुजी चूल तरी पेटंल."

गोजरानं ऐकलं. चांदण्यात एक चिवारी तोडली आणि तिची काठीही केली. मग तिला वाटलं, ही मोडेल तेव्हा कुणाच्या तरी पोरांचं जेवण पाण्यात जाईल. तिनं ती चुलीत घातली. त्या दिवशी तेवढीच चूल पेटली.

शेवटी हैबती आला. त्याला बेट तोडून तिथं जाळी वाळवायची होती.

"गोजरे, मागल्या सालात तुज्याकडं कोन आलं काठी न्यायाला?"

"कोन न्हाई."

"मग हितं करतीस काय?"

"म्या केल्यालं मोडत न्हाई, ह्यो माजा गुन्हा हाय व्हय?"

"गुन्हा कोन म्हनतंय? पर जागा आडलीया."

गावातलं एक माणूस मध्ये पडलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. गोजरानं कोयता कमरेला लावला आणि ती पाण्याच्या कडेकडेनं खाली निघून गेली. असं म्हणतात की वाटेत एका बांबूच्या बेटानं तिला पोटात घेतलं. हे म्हणणारे त्याच गावचे. ती कुठंतरी उपाशी पडली असेल, असं म्हणायला त्यांची जीभ वळत नाही.

दुसऱ्या दिवसापासून डोहातले देठ खिळ्यासारखे उभे राहिले. समोर मरळ उड्या मारायची, पण गळाला तोंड लावायची नाही. जाळीही कोरडीच वर यायची. पोरं भुकेनं रडायला लागली. एके दिवशी हैबतीनं संतापून आपली काठी गुडघ्यावर घेतली. ती मोडेना. दगडावर आपटली तरी मोडेना. हातांतून रक्त आलं तेव्हा कुठं कडाडली, आणि तिचे तुकडे पाण्यात पडताच मासे वर आले. मग घराघरानं आपापली काठी मोडली. घाटावरून नवा बुरूड आणून बसवला. त्याच्या काठ्या दोन पावसाळ्यांत मोडतात, आणि त्याचं कूळ आजही तिथं सुखानं नांदतं आहे.

खैरडोहात अजून आश्विनातल्या अवसेला प्रत्येक घर एक धड, चांगली काठी मोडतं. ज्यांच्याकडे आता बाजारातल्या फायबरच्या काठ्या आहेत तेही त्या दिवसासाठी एक चिवारी घेतात. झोपडीच्या जागी कुणी घर बांधत नाही. तिथं मोडलेले तुकडे ठेवतात, हात जोडतात आणि घरातली सगळ्यांत म्हातारी बाई मोठ्यानं सांगते, "गोजराबाई, काठी मोडली. नवी करून द्या."