वजीरची आंघोळ

"आता आणखी काय धुवायचं राहिलंय, सर?"

डॉ. मृण्मयी सबनीसने विचारलं ते रागानेच. वळू केंद्राच्या प्रयोगशाळेचा अहवाल तिच्या हातात होता. वजीरच्या वीर्यात पुन्हा जंतू निघाले होते. पूर्वी कधी नव्हता असा एक जंतू त्यात माजला होता, कुठल्याच औषधाला न जुमानणारा. नमुना फेकून द्यावा लागला.

वजीर म्हणजे तिने स्वतः माणदेशात हिंडून शोधून आणलेला खिलार वळू. त्याच्या रक्ताचे वळू आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. पुढचाही नमुना खराब निघाला तर वजीर केंद्रातून बाद होणार होता, आणि त्याचं बीज तिथेच संपणार होतं.

डॉ. तांबोळी गोठ्यात बांधलेल्या वजीरकडे पाहत होते. निवृत्त होऊनही ते रोज केंद्रावर येत. दोन सदरे, एक सायकल आणि कमी बोलणं, एवढ्या भांडवलावर लोक त्यांना फकीर म्हणत. दीक्षा कुणी दिली नव्हती.

मग मृण्मयीने आपली सगळी षोडशोपचार पूजा सांगितली. मागचा नमुना खराब निघाल्यापासून वजीरच्या लिंगाभोवतीची कातडीची पिशवी ती रोज दोन्ही वेळा जंतुनाशक सोडून आतून धुते. पोटाखालचे केस कातडीलगत भादरते. नळ्या, कृत्रिम योनी, सगळं निर्जंतुक होऊनच हातात येतं. एवढं सोवळं दुसऱ्या कुठल्या केंद्रावर पाळत असतील तर दाखवा, असंही ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं, हीच पंचाईत होती.

"नाव मातीचं," सर म्हणाले, "आणि मातीशी एवढं वैर?"

ती हसली नाही.

"हात दाखव."

तिने हात पुढे केले. जंतुनाशकाने बोटांची सालं निघाली होती. सांध्यांवर भेगा पडल्या होत्या.

"आग होते?"

"फार. खोबरेल लावते."

"बरं आहे... तुला सांगता तरी येतं."

मृण्मयीने वजीरकडे पाहिलं. तो मागचा पाय पोटाकडे झाडत होता. इतके दिवस तिला वाटत होतं, माशा असतील. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जंतुनाशक बंद कर, सरांनी सांगितलं. केस बोटभर वाढू दे. खाली कोरडा भुसा टाक. नमुना घ्यायच्या आधी पोटाखाली साध्या स्वच्छ पाण्याने धू, पुसून घे, आणि तो पूर्ण कोरडा होईपर्यंत धीर धर.

"आणि आतले जंतू?"

"असू देत."

"असू देत?"

सर तोवर सायकलकडे चालू लागले होते.

तिने ऐकलं, पण मनापासून नाही. वजीर बाद झाला तर तो एका फकिराच्या हट्टापायी, असं आईला फोनवर सांगून मोकळी झाली. मधले आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. हात बाटलीकडे जायचा, आणि ती तो मागे घ्यायची. वजीरचं पाय झाडणं मात्र थांबलं होतं.

नवा नमुना घेतला, तपासायला गेला. अहवाल आला तेव्हा सर गोठ्याबाहेर उन्हात वजीरच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते. वजीर डोळे मिटून रवंथ करत होता.

जंतू मर्यादेच्या आत होते. तो माजलेला जंतू तर औषधालाही सापडला नाही. वजीर राहिला.

मृण्मयीने वजीरच्या वशिंडाला कपाळ टेकलं आणि बराच वेळ तशीच राहिली. फार बरं वाटत होतं तिला. सरांनाही वाटत होतं, ते दिसत होतं.

मग तिने कागद पुन्हा वाचला.

"थोडे आहेत अजून, सर. नेहमीचेच, निरुपद्रवी..." ती म्हणाली. "एकदाच आतून धुऊन घेते. तेवढेही जातील."

सरांचा हात वजीरच्या पाठीवर थांबला.

"एकदा या नेहमीच्यांचं अख्खं गाव उठवून पाहिलंस, मृण्मयी... रिकाम्या जागी वस्तीला कोण आलं?"