शिंपलीवरची काजळी

त्या राज्यात सूर्य नव्हता. जो काही उजेड होता तो दिव्यांचा, आणि दिव्यांना काजळीचा रोग होता. ज्योत आधी धुरकटे, मग दमेकऱ्यासारखी थरथरे, आणि एके दिवशी आणखी एक कोनाडा कायमचा अंधारात जाई.

हा रोग वाऱ्याने होतो, हे फार पूर्वी ठरले होते. ज्यांनी ते ठरवले त्या समईबाई सभामंडपाच्या मधोमध उभ्या असत. पाच वातींच्या, भारदस्त, स्वभावाने मायाळू. त्या राज्यात मोठेपण वातीच्या लांबीवरून ओळखत; मान मिळाला की वात थोडी पुढे सारली जाई. बाईंना इतके मान मिळाले होते की त्यांच्या बरोबर वर, मंडपाच्या छतावर, एक काळेभोर वर्तुळ उमटले होते. परंतु बाईंसमोर माना खाली घालून बसण्याची रीत असल्यामुळे ते कुणी पाहिलेले नव्हते.

शिकणाऱ्या प्रत्येक दिव्याला शिक्षण संपताना एक शोध सादर करावा लागे. शोध पसंत पडला तर उत्सवात दीपमाळेवर जागा मिळे. न पडला तर अडगळीच्या कोठीत रवानगी होई. कृती अवघड नव्हती. खिडकीत बसायचे, ज्योतीवर पांढरी शिंपली पालथी धरायची आणि ती काळी झाली की वाऱ्याचा दोष सिद्ध झाला असे म्हणायचे. निष्कर्ष बाई आरंभीच सांगून ठेवीत. त्यामुळे मुलांची धावपळ वाचे. वारा पडलेला असेल तर मुले एकमेकांवर फुंकर घालीत. शेवटी सर्वजण हात जोडून, या विषयाचा अधिक अभ्यास व्हायला हवा, असे म्हणत. तो अधिक अभ्यास पुढची मुले त्याच खिडकीत बसून करीत.

त्या वर्षी एका पणतीला खिडकीत जागा मिळाली नाही. तिचे बिऱ्हाड भिंतीतल्या आतल्या कोनाड्यात होते. तिथे वारा येत नसे. तिची आई त्याच कोनाड्यात काजळीने विझली होती. आणि वैद्यांनी आईला वाऱ्यात बसू नये असे बजावले होते.

पणतीने शिंपली धरली. शिंपली काळी झाली.

शेजारच्या निरांजनाला तिने हे सांगितले तेव्हा ते हसले. "अगं, काळी झाली ना? मग रडतेस कशाला? सुटलीस!"

"पण इथे वारा नाही."

"नाही तर नाही. मी येऊन फुंकर घालतो. आमच्या खिडकीत आम्ही दुसरे काय करतो?"

पणतीने फुंकर घेतली नाही. तिने तेल बदलून पाहिले, शिंपली काळीच. जागा बदलून पाहिली; काळीच. अखेर कंटाळून तिने आपली वात थोडी मागे ओढली. ज्योत लहान झाली, पण थरथरायची थांबली. शिंपली उलटून पाहिली, तर ती धुतल्यासारखी पांढरी. ती कितीतरी वेळ त्या पांढऱ्या शिंपलीकडे पाहत बसली. आईची वात किती लांब होती, हे तिला आठवत होते. आईला त्या लांबीचा अभिमान होता.

दोन्ही शिंपल्या घेऊन ती समईबाईंकडे गेली.

"तुझ्या कोनाड्यात वारा असणार," बाई समजुतीने म्हणाल्या. "दिसत नाही, एवढेच. दिसत नाही ते नसतेच, असे म्हणू लागलो तर देवघरात हात कुणाला जोडायचे, बाळ?"

"बाई, वात मागे घेतली की काजळी थांबते. आपण एकदा शिंपली धरून पाहता का?"

बाईंच्या पाचही ज्योती क्षणभर ताठरल्या. "माझ्यावर? या वयात?" मग त्या निवळल्या. "तू गुणी आहेस. दीपमाळेवर तुला वरची जागा मिळावी असे मला मनापासून वाटते. शेवटचे एक वाक्य तेवढे बदल. बाकीचे सगळे राहू दे."

पणतीने वाक्य बदलले नाही.

शोधसभेला बाहेरून परीक्षक म्हणून कंदीलराव आले होते. ते काचेत राहत, त्यामुळे त्यांना वारा कधी लागलेला नव्हता आणि वाऱ्यासंबंधी त्यांचा अधिकार मोठा मानला जाई. इतर मुलांच्या शिंपल्यांवर त्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली. पणतीने दोन शिंपल्या पुढे ठेवल्या आणि आपले म्हणणे सांगितले.

कंदीलराव वाकले. त्यांच्या काचेवर आतून जाड काजळी धरली होती.

"दोन्ही काळ्या आहेत," ते म्हणाले. "फरक कुठे आहे?"

"उजवीकडची पांढरी आहे, महाराज."

"मुली, इतकी वर्षे शिंपल्या पाहतो आहे मी! आजवर मला पांढरी एकही दिसलेली नाही." त्यांनी सहपरीक्षक लामणदिव्याकडे पाहिले. लामणदिवा साखळीवर एकदा इकडे झुलला, एकदा तिकडे. "काळीच म्हणायची," तो म्हणाला, "म्हणजे, पांढरी नाही असेही नव्हे."

सभा पोट धरून हसली. समईबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची दृष्टी चांगली होती. पणतीला कोठीत नेले तरी त्या उजवीकडच्या शिंपलीकडेच पाहत होत्या, आणि मग, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, त्यांनी एकवार छताकडे पाहिले.

उत्सवाच्या दिवशी दूरदूरच्या कोनाड्यांतून काजळीने आजारी दिवे आले. दरवर्षी ते दीपमाळेचे दर्शन घेत, नवे शोध ऐकत आणि घरी जाऊन खिडक्या आणखी घट्ट लावीत. या वर्षी पदवी मिळाल्याच्या आनंदात मुलांनी वाती अशा काही पुढे सारल्या होत्या की पायथ्यापासून शिखरापर्यंत सगळी दीपमाळ धुरात बुडाली. आजारी दिवे अंगणात चाचपडत उभे राहिले. हात जोडायचे कोणत्या दिशेला, तेच कुणाला कळेना.

तेवढ्यात एका म्हाताऱ्या दिव्याला पलीकडे जमिनीलगत उजेडाची बारीक रेघ दिसली. ती मुळीच हलत नव्हती. तो तिकडे निघाला. त्याचा धूर धरून मागचे निघाले. रेघ अडगळीच्या कोठीच्या दाराखालून येत होती.

त्यांनी दार लोटले. आत पणती तेवत होती. तिच्या शेजारी, जुन्या पाटांच्या आणि फुटक्या घंटांच्या गर्दीत, समईबाई बसल्या होत्या. मंडपातून त्या केव्हा उठल्या ते कुणालाच कळले नव्हते. त्यांच्या पाचही वाती पार मागे ओढलेल्या होत्या, इतक्या की आजाऱ्यांतल्या काहींनी त्यांना आधी ओळखलेच नाही. एखाद्या विद्यार्थिनीसारखी मान खाली घालून त्या आपल्या ज्योतीवर एक शिंपली धरून होत्या.

"आता बघू का, गं?" त्यांनी पणतीला विचारले.

"थोडे थांबा, बाई," पणती म्हणाली. "घाई केली की चुकते."

आजारी दिवे दारातच बसले, आणि शिंपली उलटण्याची वाट पाहता पाहता एकेकाने आपली वात हळूच मागे घेतली.